मुलगा कर्णबधिर आणि ऑटिझम पण, कॅलिफोर्नियात शाळा कुठली? आधी शाळा बघा, मग घर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा ७ वर्षांचा, एका कानाला कॉक्लिअर (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून बसवलेलं यंत्र), गेल्या वर्षी ऑटिझमचं निदान झालंय, मिस्टरांची बदली सॅन होजेला आणि तुम्ही विचारताय की तिकडे कर्णबधिरांची शाळा बरी की स्पेशल शाळा. आम्ही पण कोथरूडचेच, मुलीचं साधारण असंच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

इकडे कॅलिफोर्नियात पुण्यासारखं चार शाळा फिरून फॉर्म भरायचा असं नसतं. राहत्या पत्त्यावरून स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) ठरतं आणि मुलाची सोय करणं ही त्यांची जबाबदारी, फुकट, व्हिसा कुठलाही असो. तुम्ही लेखी मागणी केली की १५ दिवसांत तपासणीचा प्लॅन देतात, तुम्ही सही केलीत की ६० दिवसांत तपासणी आणि आयईपीची (मुलासाठी खास बनवलेला लेखी शिक्षण आराखडा) मीटिंग (मोठ्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत). शाळा त्या मीटिंगमध्ये ठरते आणि आईवडील त्या टीमचे सभासद असतात, नुसते सही करायला बोलावलेले नसतात. पुण्याचा आयईपी किंवा यूडीआयडी कार्ड (भारत सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) इथे चालत नाही, पण रिपोर्ट सगळे बघतात.

आता खरी गंमत. ऑप्शन बरेच आहेत: नेहमीचा वर्ग आणि सोबत इंटरप्रिटर (बोललेलं साइनमध्ये, म्हणजे हातांच्या खुणांच्या भाषेत सांगणारी व्यक्ती), साध्याच शाळेतला कर्णबधिर मुलांचा वेगळा वर्ग, ऑटिझमचा वर्ग, फ्रीमॉंटची सरकारी कॅलिफोर्निया स्कूल फॉर द डेफ (सॅन होजेपासून जवळच, लांबच्या मुलांना हॉस्टेल, शनिवार-रविवार घरी), आणि यातलं काहीच जमलं नाही तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने खाजगी शाळा. पण आपल्यासारख्या मुलांचं काय होतं, ऑटिझम हा शब्द दिसला की ऑटिझमच्या वर्गात टाकायला बघतात, तिथे टीचर छान असते, चित्रांचं टाइमटेबल वगैरे सगळं असतं पण साइन कोणालाच येत नाही. आमच्या आधीच्या डिस्ट्रिक्टने हेच सुचवलं होतं. मी सरळ विचारलं, हिला तहान लागली तर ती कोणाला सांगणार? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कायद्यातच आहे की कर्णबधिर मुलाची भाषा आणि त्याच भाषेत मित्रांशी, शिक्षकांशी थेट बोलायची संधी याचा टीमने विचार करायलाच हवा, तो मुद्दा मीटिंगच्या नोंदीत लिहून घ्या.

इंटरप्रिटरचा भरवसा पण जपूनच. फळ्याशेजारी उभी राहून ती सांगते तेवढं ठीक, पण मधल्या सुट्टीत झोपाळ्यावर पोरं काय बोलतात ते कोण सांगणार, आणि ज्या मुलाला एका जागी नजर टिकवणं जड जातं त्याने दिवसभर एका बाईच्या हातांकडे कसं बघायचं? माझं मत, फ्रीमॉंट आधी बघून या. मात्र चिडचिड, पळून जाणं असं असेल तर तिथे किती आधार मिळेल ते आधीच स्पष्ट विचारा, सगळ्यांना घेतातच असं नाही.

तपासणी करणाऱ्याला साइन येते का हे पण बघा. ऑटिझमच्या प्रश्नावलीत 'हाक मारल्यावर वळतो का' असं असतं, आता बोला!

पुण्यात हाताने एबीसीडी शिकला असेल तर ती दोन हातांची, इथली एका हाताची. पोरं पटकन उचलतात, आपल्यालाच वेळ लागतो, तेव्हा तुम्ही दोघं आत्तापासून व्हिडिओ बघून सुरू करा.

निघण्याआधी ताजा ऑडिओग्राम, बेराचा (ऐकण्याच्या नसेची तपासणी) रिपोर्ट, कॉक्लिअरचं मॅपिंग म्हणजे यंत्राचं सेटिंग (ऑडिओलॉजिस्टकडून फाइलसकट, नुसता कागद नको), स्पीच थेरपिस्टचं पत्र, सगळं इंग्लिशमध्ये आणि सहीशिक्क्यासह घ्या. मीटिंगला मराठी दुभाषी मागितला तर फुकट द्यावा लागतो, सासूबाई येणार असतील तर मागाच.

आणि कंपनी सुरुवातीला टेम्पररी घर देत असेल तर त्या काळात दोन-तीन डिस्ट्रिक्टना मेल टाका, कर्णबधिर मुलांचे वर्ग प्रत्यक्ष बघून या, मगच लीजवर सही करा.