‘सोनिक २३-१२’ यासारख्या, बोटांत पेन फिरवण्याच्या करामतींच्या नावांतील आकडे काय सांगतात?

हे आकडे बोटांमधील फटींचे आहेत. तर्जनी १, मधले बोट २, अनामिका ३ आणि करंगळी ४ अशी मोजणी असते, तर अंगठ्यासाठी ‘टी’ लिहितात. त्यामुळे ‘सोनिक २३-१२’ म्हणजे मधले बोट व अनामिका यांच्या फटीत धरलेले पेन फिरवत तर्जनी व मधल्या बोटाच्या फटीत आणणे. ‘चार्ज १२’मध्ये पेन त्याच फटीत राहून शंकूसारखे फिरते, म्हणून एकच जोडी पुरते. ‘रिव्हर्स’ म्हणजे उलट दिशा. कोल्हापुरात राजारामपुरीच्या अभ्यासिकेत आम्ही थंबअराउंडला, म्हणजे पेन अंगठ्याभोवती फिरवण्याला, ‘अंगठाफेरी’ म्हणतो आणि ते नाव मला मनापासून आवडते. मात्र लिहून शिकवताना फटींचे आकडे वगळू नयेत, कारण ‘सोनिक ३४-२३’ला बोटांची ठेवणच बदलते.