अत्तर लावावं, धूप घालावा

प्रश्न असा आहे: चेरी, साखर आणि धूप यांचा मिळून वास असलेलं एक तेलकट परफ्यूम छोट्या रोल-ऑन बाटलीत मिळतं. त्याबद्दल लिहिताना 'मी ते घातलं' म्हणावं की 'लावलं'? त्याला अत्तर म्हटलेलं चालेल का? आणि वेष्टनावर 'इन्सेन्स' असं छापलेलं असतं, त्यासाठी धूप, ऊद, लोबान यांतला कोणता शब्द घ्यावा?

क्रियापदाचं उत्तर सरळ आहे: लावलं. 'परफ्यूम घातला' ही रचना इंग्रजी 'वेअर'वरून आली आहे. इंग्रजीत कपडे, दागिने, चष्मा आणि सुगंध सगळ्यांना तेच एक क्रियापद चालतं. मराठीत मात्र सुगंधाच्या वस्तूचं क्रियापद ती वस्तू हाताने कशी वापरली जाते त्यावर ठरतं. गजरा माळतात, चंदन उगाळतात, उटणं चोळतात, गुलाबपाणी शिंपडतात. हळदीकुंकवाला आलेल्या बाईशी काय काय केलं जातं ते आठवून पाहा. तिला हळदकुंकू लावतात, अत्तरदाणीतली काडी तिच्या हाताच्या पाठीवर फिरवून अत्तर लावतात, गुलाबदाणीने गुलाबपाणी शिंपडतात, ओटी भरतात आणि वाण देतात. दोन मिनिटांत पाच कृती होतात, त्यांना चार क्रियापदं लागतात, आणि त्यांतली एकही अदलाबदल चालत नाही.

'घालणे' म्हणजे एकतर अंगात चढवणे किंवा कशाच्या तरी आत टाकणे. म्हणून 'अत्तर घातलं' असं ऐकलं की मराठी कान 'कशात?' असं विचारतो. आंघोळीच्या पाण्यात अत्तर घातलं, हे वाक्य अगदी बरोबर आहे. बासुंदीत केशर घातलं, हेही त्याच जातीचं. आणि याच कारणाने 'धूप घालणे' बरोबर आहे: धुपाटण्यात निखारे असतात आणि त्यांवर धूपाची पूड टाकायची असते. हल्ली कपाच्या किंवा कांडीच्या आकाराचा तयार धूप येतो, तो काडी ओढून पेटवायचा असतो. त्याला उदबत्तीप्रमाणे 'लावला' म्हणणंच योग्य. स्प्रेच्या बाटलीला 'मारणे' चिकटलं आहे ('सेंट मारला'), त्यात काही वावगं नाही, कारण तिथे खरोखरच फवारा मारला जातो. रोल-ऑन आणि काडीच्या कुपीसाठी ते शोभत नाही. जाहिरातींच्या भाषांतरात दिसणारं 'सुगंध परिधान करा' तर कुठेच वापरू नये.

आता अत्तर. हा शब्द अरबी 'इत्र'पासून आला, आणि अत्तर विकणारा तो अत्तार. महाराष्ट्रात हे आडनाव म्हणूनही सर्रास आढळतं. काटेकोर अर्थाने अत्तर म्हणजे फुलं किंवा मुळं वाफेवर उकळून चंदनाच्या तेलात उतरवलेला अर्क. उत्तर प्रदेशातल्या कनौजला हे काम आजही तांब्याच्या देगेत होतं. देगेत फुलं आणि पाणी, खाली लाकडाचा जाळ, वरून बांबूची नळी, आणि ती नळी ज्या भांड्यात उतरते त्याचं नाव भपका. चंदनाचं तेल या भपक्यात आधीच भरलेलं असतं आणि भपका गार पाण्यात बसवलेला असतो. मराठीत वासाच्या एकदम आलेल्या लोटाला आणि डामडौलालाही आपण भपकाच म्हणतो.

या कसोटीवर चेरीचं तेल अत्तर ठरत नाही, कारण त्यात ऊर्ध्वपातन केलेली चेरी नसते. तरीही मी त्याला अत्तर म्हणेन. बोलीत अत्तर ही ओळख वापरावरून झाली आहे: मद्यार्काशिवाय, तेलात, कुपीत, थेंबाने लावायचं ते अत्तर. फक्त विभक्ती जपायला हवी. 'गुलाबाचं अत्तर' म्हणजे गुलाबापासून काढलेलं. 'चेरीच्या वासाचं अत्तर' म्हणजे तो वास दिलेलं. 'चेरीचं अत्तर' लिहिलंत तर नसलेला दावा होतो. एका '-च्या वासाचं'ने खरेपणा राखता येतो, आणि विकणाऱ्यांनीही हे पाळावं असं मनापासून वाटतं.

अनेक वास एकत्र केलेल्या अत्तराला परकं समजण्याचंही कारण नाही. कनौजी अत्तरांत 'मजमुआ' नावाचं मिश्रणच आहे. त्यात खस, केवडा, कदंब आणि माती यांची अत्तरं एकत्र येतात. मजमुआ म्हणजे अरबीत गोळा केलेलं, बेरीज केलेलं. महसुलाची बेरीज ठेवणारा तो मजमूदार, म्हणजे आपला मुजुमदार. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत ज्याला अमात्य हे नाव मिळालं तेच हे पद. तेव्हा चेरी-साखर-धूपाच्या मिश्रणाला कुणी मजमुआ म्हटलं तर तो शब्द मराठीच्या घरातलाच समजावा.

'इन्सेन्स'ला मात्र जपून शब्द द्यायला हवा, कारण इथे खरी फसगत होते. ऊद हा शब्द मुळात अरबी, अर्थ लाकूड, आणि त्यातही अगरूचं सुगंधी लाकूड. आखाती अत्तरांच्या कुपीवर 'ऊद' लिहिलेलं असतं ते हेच: आसामात आणि त्याच्या पूर्वेला वाढणाऱ्या अगरूच्या झाडाला बुरशी लागली की त्याच्या खोडात जी काळपट राळ साठते, तिचा वास. जड, लाकडी, किंचित चामड्यासारखा. मराठी घरात 'ऊद घातला' म्हणतो तेव्हा आपण भलतीच वस्तू निखाऱ्यावर टाकत असतो. आपला ऊद म्हणजे लोबान, सुमात्रा आणि सयामकडच्या झाडांची राळ. ती जळताना व्हॅनिलासारखा गोडसर वास देते. उदबत्तीतला ऊद हाच. अगरबत्तीतला अगर मात्र अरबीत ज्याला ऊद म्हणतात ते लाकूड. म्हणजे आपण एकाच वस्तूला ज्या दोन नावांनी हाक मारतो त्यांच्या मुळाशी दोन निराळे वास आहेत.

लोबानाची वाटही अशीच वाकडी आहे. अरबीत नुसतं 'लुबान' म्हणजे ओमान-सोमालियाकडचा पांढरा डिंक. 'लुबान जावी' म्हणजे जावाकडचा लुबान, आणि तो म्हणजे आपला लोबान. या 'लुबान जावी'चाच अपभ्रंश होत युरोपात 'बेंझॉइन' झालं. पांढऱ्या लुबानाचं आपल्याकडचं भावंड म्हणजे साळई. मेळघाट-सातपुड्याच्या कोरड्या रानात ती भरपूर आहे. तिचा डिंक जाळला की लिंबाची साल आणि मिरी एकत्र कुटल्यासारखा तिखट-ताजा वास येतो.

म्हणून 'इन्सेन्स'साठी शब्द निवडताना आधी हुंगून पाहावं. वास गोड आणि मऊ असेल तर लोबान किंवा मराठी अर्थाने ऊद. लिंबासारखा, थंड असेल तर साळईच्या जातीचा डिंक. जड आणि लाकडी असेल तर अगर. काहीच वेगळं ओळखू येत नसेल, नुसता देवघरातल्या धुराचा भास होत असेल, तर धूप. हा सगळ्यांना सामावणारा शब्द आहे. त्यात राळ, गुग्गुळ, लोबान काहीही चालतं. साखरेबरोबर मिसळलेल्या मिश्रणात बहुतेक वेळा लोबानच निघेल, कारण त्याचा स्वतःचाच वास गोडाकडे झुकलेला असतो आणि तो साखरेशी सहज मिळून येतो.

साखरेबद्दल थोडंसंच. कोरड्या साखरेला वास असा जवळजवळ नसतोच, म्हणून 'साखरेचा वास' हे मराठीत अडखळतं. वास सुटतो तो ती तापल्यावर. अत्तरात ते काम एथिल माल्टॉल आणि व्हॅनिलिन ही रसायनं करतात, आणि त्यातून येतो तो जत्रेत म्हातारीचे केस बनवणाऱ्याच्या गाड्याजवळचा वास. 'पाकाचा वास' म्हणा, 'म्हातारीच्या केसांचा' म्हणा, वाचणाऱ्याच्या नाकाला लगेच कळेल. प्रमाण जास्त झालं तर त्याला 'गोडमिट्ट' हा नेमका शब्द तयार आहे.

चेरीची अडचण अशी की मराठी माणसाच्या डोक्यात 'चेरी' म्हटलं की पेस्ट्रीवरचा लाल मणी येतो, आणि तो पुष्कळदा साखरेत मुरवून रंगवलेलं करवंद असतो. खरी चेरी काश्मीर-हिमाचलातून मे-जूनमध्ये येते आणि तिचा वास अगदी मंद असतो. अत्तरातली चेरी मुख्यतः बेंझाल्डिहाइडने उभी केलेली असते. कडू बदाम फोडल्यावर येतो तोच हा वास. तेव्हा वर्णन करताना 'कडू बदामाकडे झुकणारी चेरी' लिहिलं तर अचूक होतं. या वासाची आपल्याला ओळखच नाही असंही नाही. उटण्यात आणि शिकेकाईत गव्हला-कचोरा ही जोडी असते. गव्हला म्हणून बाजारात एकाहून जास्त झाडांचं बी येतं. त्यांतलं एक महलब, म्हणजे चेरीच्या सख्ख्या नात्यातल्या झाडाच्या बियांतला गर.

आता लावण्याची रीत, कारण वासाचं वर्णन करणारे कितीतरी शब्द तिच्यातूनच आले आहेत. तेलात मद्यार्क नसल्यामुळे वास झपकन उडत नाही आणि फार लांबही जात नाही. त्याला 'दरवळतो' म्हणणं जरा जास्तच. मोगरा दरवळतो, हे तेल अंगाजवळ राहतं. आंघोळीनंतर अंग पुसून, त्वचा अजून किंचित ओलसर असताना लावावं. कोरड्या त्वचेवर वास टिकत नाही, तिथे आधी बिनवासाचं मलम किंवा व्हॅसलिनचं बोट फिरवावं. एक थेंब दोन्ही मनगटांना मिळून, एक कानामागे, बस्स. मनगटं एकमेकांवर घासू नयेत. चेरीचा भाग सगळ्यात हलका असतो, घर्षणाच्या उबेने तो आधी निघून जातो आणि उरतं ते नुसतं गोड. कानाच्या पाळीत कापसाचा फाया ठेवण्याची जुनी पद्धत या तेलाला फार चांगली लागू पडते: त्वचेला तेल कमी लागतं आणि वास सावकाश सुटतो.

वास एकामागून एक उलगडतात, त्याला 'नोट्स' म्हणण्यापेक्षा 'पदर' म्हणावं असं सुचवतो. करंजीला पदर सुटतात, तसेच वासालाही. पहिला पदर चेरीचा, तो अर्ध्या-पाऊण तासात विरतो. मग पाक काही तास राहतो. धूप सगळ्यात शेवटी उरतो आणि कपड्यात बसला तर दुसऱ्या दिवशीही सापडतो. 'वास बसणे' हा प्रयोग इथे शब्दशः खरा आहे. पण पांढऱ्या कापडावर आणि रेशमावर हे तेल लावूच नये: तेलाचा डाग पडतो, आणि व्हॅनिलिन हवेने तपकिरी होत जातं, त्यामुळे धुऊनही पिवळट खूण राहू शकते. कुपीतलं तेल गडद झालं तर ते नासलं असं समजू नये, कारण तेच. चेरी मात्र खरोखर मरते. बेंझाल्डिहाइड हवेशी संयोग पावून बेंझोइक आम्ल होतं, आणि त्याला वास जवळजवळ नसतो. अर्धी रिकामी कुपी वर्षभर उन्हात ठेवली तर 'वास उडाला' म्हणतो तो असा. झाकण घट्ट लावून कपाटात ठेवावी; न्हाणीघरात नको. कोकण-मुंबईच्या उन्हाळ्यात प्रमाण निम्मं करावं, कारण घामाच्या उबेने हाच गोडवा उग्र होतो आणि समोरच्याला भपकारा येतो. स्वतःचं नाक दहा-पंधरा मिनिटांत सरावतं, म्हणून वास कमी वाटला तरी पुन्हा लावू नये. आणि प्रथमच लावत असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला एक टिपका लावून दिवसभर थांबा. लोबानासारख्या राळांनी काहींच्या त्वचेला खाज सुटते.

शेवटचा मुद्दा लेखनाचा, कारण 'धुपाचा' आणि 'ऊदाचा' अशी रूपं लिहिलेली दिसतात. मराठी शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराआधीचा, दीर्घ उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, म्हणून ऊद – उदाचा, फूल – फुलाचा. धूप मात्र तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे, दीपासारखा. तो दीर्घच राहतो: धूपाचा, धूपारती. धुपाटणे हा मराठीत घडलेला शब्द, म्हणून तिथे ऱ्हस्व, आणि 'तेलही गेले, तूपही गेले' म्हणताना आपण तो तसाच उच्चारतो. जमिनीची धूप होते तो शब्द स्त्रीलिंगी आणि अगदी वेगळा. धूप घातला, पण धूप थांबवली.