विणकामातले प्रश्न: नातवाचं डोकं गळ्यात अडकलं!

प्रश्न: ताई, मी निफाडची. आमच्याकडची थंडी तुम्हाला ठाऊक असेलच, पेपरात दरवर्षी येतेच. नातू दोन वर्षांचा झाला म्हणून दिवाळीपासून बसून त्याला क्रोशाचा स्वेटर केला, पुढचा भाग, मागचा भाग, बाह्या सगळं वेगळं विणून मग शिवलं, आणि घालायला गेले तर डोकं आत जाईना. कानापाशीच अडकलं. पोराने रडून घर डोक्यावर घेतलं आणि सून तोंडाला पदर लावून हसतेय. गळा 14 इंच ठेवला होता हो. आता सगळा उसवू का?

उत्तर: नका उसवू आजी, थांबा. तुम्ही मान मोजलीत आणि डोकं राहिलं, एवढंच झालंय. दोन वर्षांच्या पोराचं डोकं घेरात 48 सेंटीमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे 19 इंच, आणि छाती असते साधारण 20-21 इंच. म्हणजे डोकं जवळपास छातीएवढंच! आपलं मोठ्यांचं तसं नसतं ना, म्हणून लक्षातच येत नाही. शिवाय दोन सुयांवर विणलेला गळा रबरासारखा ताणला जातो, क्रोशाचं तसं नाही, त्याचा एकेक टाका गाठ मारल्यासारखा घट्ट बसतो, त्यामुळे 14 इंच म्हणजे 14च.

आता उपाय. एका खांद्याची शिवण गळ्यापासून अडीच इंच उघडा, फक्त शिवण हं, विणलेलं नाही. फट अडीच इंचाची पण तिच्या दोन कडा, म्हणजे घेरात 5 इंच वाढले, 14 चे झाले 19. दोन्ही कडांना मुक्या खांबाची, म्हणजे क्रोशाच्या सगळ्यात बुटक्या साध्या टाक्याची (सिंगल क्रोशे), एक ओळ फिरवा, पुढच्या कडेला दोन साखळ्यांची दोन काजं ठेवा, मागच्या कडेला दोन चपटी बटणं. झालं काम. बटणं मात्र दोरा चारपाच वेळा फिरवून पक्की लावा, या वयात सगळं तोंडात जातं. आणि गळ्याला ओढायची नाडी किंवा गोंडे अजिबात नकोत, कितीही गोजिरे दिसले तरी, खेळताना कुठे अडकलं तर फास बसतो.

पुढच्या वर्षी मात्र समोरून उघडा करा, गळ्यापासून खाली विणत यायचा, शिवायची कटकटच नाही आणि मधेमधे पोराला घालून बघता येतं. आधी 5 इंचाचा चौकोन विणून त्यातले मधले 4 इंच मोजा. मध्यम जाडीची लोकर, 4 मिमीची सुई आणि अर्धे खांब, म्हणजे मुक्या खांबाहून जरा उंच टाके (हाफ डबल क्रोशे), असतील तर माझे इंचाला 4 टाके येतात, तुमचे वेगळे आले तर आकडे त्या हिशोबाने बदला. 58 साखळ्या घाला, त्या जरा मोठ्या सुईने, नाहीतर गळा परत आवळणार. सुईपासूनच्या तिसऱ्या साखळीत सुरुवात करून 56 अर्धे खांब येतील, त्यांची वाटणी अशी: समोर 11, बाही 7, पाठ 20, बाही 7, समोर 11, आणि दोन भागांच्या मधे प्रत्येक ठिकाणी एक जादा साखळी. हे चार कोपरे. पुढच्या 12 ओळी त्या प्रत्येक साखळीच्या खिडकीत एक अर्धा खांब, एक साखळी, एक अर्धा खांब एवढंच करायचं, ओळीला 8 टाके आपोआप वाढतात. मग बाह्यांचे 31-31 टाके तसेच सोडून द्यायचे, बगलेत 3-3 साखळ्या घालून समोर, पाठ, समोर जोडून घ्यायचं, एकूण 96 टाके, म्हणजे 24 इंच. आतून शर्ट घालूनही सैलसर बसतो. मग हवा तेवढा लांब करत जा, बाह्या नंतर गोल विणा. 200 ते 250 ग्रॅम लोकर धरून चला.

प्रश्न: माझ्या कडा सरळ येतच नाहीत, स्वेटर खाली खाली निमुळता होत जातो, टाके मोजले तर कमी. सुई आईची आहे, तोरणं विणायची स्टीलची. (एक मुलगी, कोल्हापूर)

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती सुई दोऱ्यासाठी, लोकरीला फार बारीक, कापड पुठ्ठ्यासारखं कडक होईल, तोरणालाच ठेव. आणि कडेचं म्हणशील तर तू ओळीचा शेवटचा टाका सोडतेयस, जवळजवळ सगळेच सोडतात, मीही वर्षभर सोडला. वळताना घातलेल्या साखळ्यांच्या आड तो लपतो आणि वाटतं ओळ संपली. प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात एक सेफ्टी पिन अडकव, परत येताना त्या पिनेच्या टाक्यात विणल्याशिवाय वळायचंच नाही. अर्ध्या खांबाला वळताना 2 साखळ्या, त्या टाक्यात मोजू नकोस. दहा ओळींत हात बसतो, मग पिना काढून टाक.

प्रश्न: ॲक्रेलिक घेऊ का खरी लोकर? दुकानदार ॲक्रेलिकच चांगली म्हणतो. (वाचक, पुणे)

उत्तर: दुकानदाराचं फार चूक नाही, लहान मुलांचे कपडे रोज धुवायचे असतात आणि ॲक्रेलिक मशीनमधे टिकते, टोचत नाही, स्वस्तही पडते. खरी लोकर गरम पाण्यात गेली, घुसळली गेली की आटून बाहुलीला येईल एवढी होते. पण ॲक्रेलिकला इस्त्री लावू नका, वाफेने एकदा लिबलिबीत झाली की परत सुधारत नाही. आणि गावाला शेकोटीजवळ पोरं बसतात तिथे तर नकोच, ठिणगी पडली की ही वितळते आणि कातडीला चिकटते, खरी लोकर नुसती करपते. निफाडच्या आजी, हे तुमच्यासाठीही. लोकर घेताना सगळे गुंडे एकदम घ्या आणि पट्टीवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघून घ्या, नंतर आणलेल्या गुंड्याचा गुलाबी वेगळाच निघतो, आणि तो नेमका पाठीच्या मधोमध येतो.