बुधावर यान उतरलंच नाही, मग त्याच्या पोटात एवढं लोखंड आहे हे कसं कळलं?

प्रश्न रास्त आहे. बुधावर एकही भूकंपमापक नाही. मेसेंजर यानाने २०११ ते २०१५ त्याच्याभोवती घिरट्या घातल्या, पण त्या वरूनच. तरी गाभ्याची त्रिज्या २,००० किमीच्या आसपास आहे हे खात्रीने सांगता येतं, आणि त्यातला पहिला हिशेब वहीवर करण्याजोगा आहे.

बुधाची त्रिज्या २,४४० किमी, सरासरी घनता ५.४३ (ग्रॅम प्रति घन सेंमी). खडकाची घनता ३.३ आणि लोखंडाची ७.८ धरा. (५.४३ − ३.३) ÷ (७.८ − ३.३) = ०.४७. म्हणजे ४७ टक्के आकारमान लोखंडाचं. इथेच बरेच जण चुकतात आणि गाभा निम्म्या त्रिज्येपर्यंत आहे असं समजतात. आकारमानावरून त्रिज्येकडे येताना घनमूळ काढायचं असतं: ०.७८, म्हणजे १,९०० किमी. आता लोखंड वितळलेलं आहे आणि त्यात सिलिकॉन किंवा गंधक मिसळलंय असं मानून ७.८ च्या जागी ७ घाला. गाभा २,०३० किमी येतो. दोन्ही उत्तरं घनतेशी चोख जुळतात, त्यामुळे नुसत्या घनतेवर निवाडा होत नाही.

तो होतो ग्रहाच्या फिरण्यावरून. सूर्याभोवती दोन फेऱ्या होईपर्यंत बुध स्वतःभोवती बरोबर तीनदा फिरतो. कक्षा बरीच लंबवर्तुळाकार आणि ग्रह किंचित लांबट, म्हणून सूर्याची ओढ त्याला ८८ दिवसांच्या तालात मागेपुढे पिळते. सुकून आत गोटा सुटलेला नारळ हातात घेऊन झटकन इकडेतिकडे फिरवून बघा. करवंटी लगेच वळते, गोटा मागे राहतो. खोबरं करवंटीला घट्ट चिकटलेलं असेल तर सगळा नारळ एकसंध वळतो आणि तेवढ्याच जोराने कमी वळतो.

बुधाचं हे मागेपुढे डुलणं पृथ्वीवरून मोजलं गेलं. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या ७० मीटरच्या अँटेनातून बुधावर रडार लहरी सोडल्या. परतणाऱ्या लहरींची ठिपकेदार नक्षी बुधाच्या फिरण्याबरोबर पृथ्वीवरून सरकत जाते. ती गोल्डस्टोनला आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकला सुमारे १० सेकंदांच्या फरकाने टिपली गेली, आणि त्या फरकातून फिरण्याचा वेग निघाला. खगोलशास्त्रज्ञ जाँ-ल्यूक मार्गो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये निष्कर्ष मांडला: डुलणं आरपार घट्ट ग्रहाच्या मानाने दुपटीच्या घरात आहे. विषुववृत्तावर ते सुमारे ४५० मीटर भरतं. म्हणजे डुलतं ते फक्त बाहेरचं खडकाळ टरफल, आणि त्याच्या खाली द्रव आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत देखणं मोजमाप.

याला आसाचा कल (जेमतेम २ कला, म्हणजे अंशाचा तिसावा भाग) आणि मेसेंजरने मोजलेलं गुरुत्वक्षेत्र जोडलं, की वस्तुमान आत कसं वाटलंय तेही कळतं. त्यातून खडकाचं टरफल अवघं ४०० किमीच्या आसपास निघतं. पृथ्वीवर तेच जवळजवळ २,९०० किमी आहे.

लहान ग्रह केव्हाच थंड होऊन घट्ट झाला असणार, असा समज होता. पण मिसळलेल्या हलक्या मूलद्रव्यांमुळे लोखंड कमी तापमानालाही द्रव राहतं. १९७४ मध्ये जवळून गेलेल्या मरिनर १० यानाला सापडलेलं, पृथ्वीच्या सुमारे एक टक्का जोराचं चुंबकीय क्षेत्र त्या द्रवातूनच येतं.

एवढा गाभा आला कुठून, यावर मात्र एकमत नाही. मोठ्या धडकेत वरचा खडक उडाला, ही कल्पना जुनी आहे. पण तेवढ्या उष्णतेत उडून जायला हवं होतं ते पोटॅशियम आणि गंधक मेसेंजरला पृष्ठभागावर भरपूर सापडलं.