वाचकांचे प्रश्न : नॅसमध्ये पूल बनवायच्या आधी

प्रश्न : कराडला माझा फोटो स्टुडिओ आहे. एका लग्नाचे फोटो-व्हिडिओ मिळून साधारण २०० जीबी होतात, वर्षाला तीसेक लग्नं. आता चार बेचा (डिस्क बसवायचे चार खण असलेला) नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा, घेतलाय. दुकानदार म्हणतो ४ टीबीच्या चार डिस्क टाका आणि रेड ० करा, पूर्ण १६ टीबी मिळेल आणि स्पीडपण. ४ टीबीच्या दोन जुन्या डिस्क घरात पडून आहेत, त्या चालतील का? आणि पूल वेगळा, व्हॉल्यूम वेगळा, हे काय आहे?

उत्तर : दादा, रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एक करून वापरायची पद्धत, त्यातला रेड ० अजिबात करू नका. त्यात प्रत्येक फाइलचे तुकडे चारही डिस्कवर पसरतात, म्हणजे चारातली कुठलीही एक गेली की सगळी लग्नं गेली, आणि लोकांचं लग्न परत शूट करता येत नाही.

आधी पूल काय ते सांगतो. समजा चार जणांनी मिळून एक जमीन घेतली, तो पूल, आणि त्या जमिनीवर पाडलेले प्लॉट म्हणजे व्हॉल्यूम. प्लॉट नंतर वाढवता येतात, नवीन पाडता येतात, पण पूल एकदा बनवला की लहान करता येत नाही आणि प्रकार बदलायचा म्हटलं तर बहुतेक वेळा सगळा डेटा बाहेर काढून परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, म्हणून जो काही विचार करायचा तो बटण दाबायच्या आधी.

तुमचा हिशोब बघा. ३० लग्नं गुणिले २०० जीबी, वर्षाला ६ टीबी. ४ टीबीच्या चार डिस्कचा रेड ५ केला तर एका डिस्कएवढी जागा पॅरिटीत, म्हणजे एक डिस्क गेली तर तिचा डेटा परत बनवायच्या माहितीत, जाते, उरले १२. नॅसवर तेच १०.९ दिसतील, कारण डिस्कवाले १००० ने मोजतात आणि नॅस १०२४ ने. वर पूल शेवटपर्यंत भरला की स्लो होतो, त्यामुळे पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा. राहिलं किती, पावणेनऊ. दीड वर्षात फुल्ल, आणि चारही बे भरलेले!

त्यापेक्षा ८ टीबीच्या तीनच डिस्क घ्या, रेड ५ करा, १६ टीबी मिळेल, एक बे रिकामा ठेवा. पुढे चौथी ८ ची टाकली की २४ होतील, किंवा बऱ्याच नॅसमध्ये त्याच वेळी रेड ६ करता येतो, मग जागा १६ च राहते पण दोन डिस्क गेल्या तरी डेटा जिवंत. मी तुमच्या जागी असतो तर रेड ६ च केला असता.

का ते सांगतो. आमच्या ऑफिसात रेड ५ होता, एक डिस्क गेली, आम्ही लगेच नवी लावली, रिबिल्ड (नव्या डिस्कवर गेलेला डेटा परत बनवणं) सुरू झाला, सगळे निर्धास्त. रात्री ६२ टक्क्यांवर दुसरी गेली आणि पूल उडाला. नंतर डिस्क बाहेर काढून लेबल बघितली तर दोन्हीचे सिरियल नंबर एकामागोमाग एक, एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेतलेल्या. दोन वर्षांचं काम गेलं, त्याचं आजही वाईट वाटतं. रिबिल्डमध्ये उरलेल्या डिस्क तासन् तास सलग वाचल्या जातात, ८ टीबीला पंधरा-सोळा तास तरी धरा, काम चालू असेल तर अजून जास्त, आणि थकलेली डिस्क नेमकी तेव्हाच मान टाकते. म्हणून तिन्ही डिस्क एकाच लॉटच्या घेऊ नका, दोन दुकानांतून घ्या. आणि घेताना सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे ना ते विचारा, एसएमआरवाली (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) स्वस्त पडते पण रिबिल्डमध्ये रडवते.

जुन्या डिस्क पूलमध्ये नको. साध्या रेड ५ मध्ये सगळ्यात लहान डिस्कच्या मापानेच बाकीच्या मोजल्या जातात, म्हणजे ८ ची पण ४ चीच धरली जाणार. त्यांना यूएसबी केसमध्ये घाला आणि डिलिव्हरी झालेली लग्नं त्यावर कॉपी करून घरी ठेवा, स्टुडिओत नको.

पूल बनवताना "या डिस्कवरचा सगळा डेटा पुसला जाईल" असं येतं, तिथे दोन मिनिटं थांबा, टिक केलेल्या डिस्कचा सिरियल नंबर लेबलशी जुळवा, मगच पुढे जा. आणि यूपीएस आधी घ्या, लाईट गेली आणि लिहिणं अर्धवट राहिलं की पूल बिघडू शकतो. महिन्यातून एकदा स्क्रबिंग (सगळा डेटा वाचून तपासणं) लावून ठेवा, कुठे डेटा सडलाय ते आधीच कळतं.

प्रश्न : डोंबिवलीत अकाउंटिंगचं काम करते. दोन बेच्या नॅसमध्ये मिरर (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) केलाय, मग वेगळा बॅकअप कशाला?

उत्तर : ताई, मिररमध्ये चूकपण मिरर होते. तुम्ही चुकून क्लायंटचं फोल्डर उडवलं की त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून उडालं. नॅसमध्ये सोय असेल तर रोज रात्रीचा स्नॅपशॉट (फाइल त्या वेळी जशा होत्या तशी नोंद, जिथून मागे जाता येतं) आजच चालू करा, आणि दर शनिवारी एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवा. लावून ठेवली तर रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) तिलाही खाईल.