साडेतीन वर्षांच्या मुलीला लिहायला बसवावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेतीन वर्षांची आहे, विश्रामबागेतल्या नर्सरीतून रोज दोन पानं ए-बी-सी-डी गिरवायला देतात आणि ती पेन्सिल टाकून रडते. सासूबाई म्हणतात अंगणवाडीत घाल. यजमान म्हणतात तिथं पोरं खिचडी खाऊन घरी येतात.

मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवते आहे. आधी सरळ सांगते, ते गिरवणं आजच थांबवा. बाईंना भेटा, नाहीतर वहीत चिठ्ठी लिहून द्या. मनगटातली बारकी हाडं जन्मताना कूर्चेचीच, म्हणजे मऊ, लवचिक असतात, ती वर्षानुवर्षं हळूहळू पक्की होत जातात. या वयाला माती मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं हीच हाताची तयारी असते. ती रडते म्हणजे हट्ट करत नाही, तिचा हात खरंच दुखत असेल.

दोन मुलं माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. एक मुलगा नर्सरी, लहान गट, मोठा गट असं सगळं करून पहिलीत आला. एक ते शंभर आकडे न अडता लिहायचा. मी त्याच्यापुढं चिंचोक्यांचा ढीग ठेवला आणि म्हटलं, "यातले सात दे बघू." त्यानं ओंजळ भरून दिली. "हे सात आहेत?" तर मान हलवून हो म्हणाला. त्याच वर्षी एक मुलगी आली होती. तिची आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची. या मुलीला पेन्सिल धड धरता येत नव्हती. पण मूठभर बेदाणे पुढं ठेवले, तर मी काही न सांगता तिनं हिरवे, पिवळे, काळे असे तीन ढीग लावले. मग प्रत्येक ढिगातले मोठे आणि बारके वेगळे केले. काडी राहिलेले बाजूला काढले, "हे परत निवडायचे" म्हणाली. दिवाळीच्या सुट्टीआधी ती वाचायला लागली. तो मुलगा काही कमी हुशार नव्हता. त्याला तीन वर्षं आकडे लिहायला लावले होते, वस्तू मोजायला कुणी दिल्याच नव्हत्या.

हे काही माझं नवं मत नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडी सुरू केली. पुढं त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी तिथल्याच कोसबाडला आदिवासी मुलांना शिंपले, बिया, पानं, दगड देऊन शिकवलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि खेळातून, शक्यतो घरच्या भाषेतून शिकवा असं म्हटलंय. यावर तज्ज्ञांचं फारसं दुमत नाही. घोडं अडतं ते दुसरीकडं, आणि ते तुमच्यासारख्या पालकांना माहीत असायला हवं म्हणून थोडं लांबवते.

आपल्या राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये मुळात 'चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना' मोफत शिक्षण द्यायचं म्हटलं होतं. खालची वयोमर्यादा तिथं नव्हती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनं शिक्षण मूलभूत हक्क झालं, पण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीच. सहाच्या आतल्या मुलांसाठी शासनानं प्रयत्न करावा, एवढंच कलम ४५ मध्ये राहिलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ११ वाचा. तीन वर्षांपुढच्या मुलांच्या मोफत पूर्वशिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल'. 'करील' नाही! त्या एका शब्दामुळं तुमच्या मुलीला आज हे पूर्वशिक्षण हक्क म्हणून मागता येत नाही. मला याचा फार राग येतो.

तुमचे यजमान खिचडीचं बोलतात, त्यांचंही अगदी खोटं नाही. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली, तिच्या सहा सेवांपैकी पूर्वशिक्षण ही फक्त एक. बाकी पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढं दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती देणं. हे सगळं एका सेविकेच्या गळ्यात आणि मदत एका मदतनीसाची. वर मोबाइलवर रोज माहिती भरायची. एवढं करून हातात पगार नाही, मानधन. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा पोरांचे हाल होतात म्हणून लोक त्यांच्यावरच चिडले. पण ज्या बाईकडून आपण बालशिक्षण मागतो, तिला त्यासाठी दिवसातले दोन तास तरी निवांत मिळू देतो का?

म्हणून अंगणवाडी की नर्सरी, हे पाटीवरून ठरवू नका. दोन्हीकडं न सांगता अकराच्या सुमाराला जा आणि दारात पाच मिनिटं उभ्या राहा. मुलं जमिनीवर आहेत की बाकांवर? ती बोलतायत, की बाईच बोलतायत? मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर काही सामान आहे का, की खेळणी कपाटात कुलपात? सेविका गोष्ट सांगत असेल आणि मुलं मध्येच तोंड घालत असतील, तर बेलाशक अंगणवाडीत घाला. ती रजिस्टरातच बुडालेली दिसली, तर लिहायला न लावणारी एखादी मराठी बालवाडी शोधा. इंग्रजी पुढं येईल. आधी तिला मराठीत भरपूर बोलू दे, भांडू दे, प्रश्न विचारू दे.

तोवर घरी एका परातीत मूग, मटकी आणि चवळी एकत्र करून तिच्यापुढं ठेवा. शेजारी तीन वाट्या ठेवा आणि सासूबाईंना जवळ बसवा. काय करायचं ते सांगू नका.