गावाशेजारी मोठी वसाहत येतेय, हरकत कशावर घ्यावी?

गावालगतच्या शेतात 100 घरं होणार, हरकतीत काय लिहावं, असं तुम्ही विचारलंय. नुसतं ‘गावपण जाईल’ लिहू नका. खरं असलं तरी कागदावर ते टिकत नाही. पाण्याचा हिशेब मागा. घरटी 4 माणसं, माणशी 100 लिटर धरलं तरी रोज 40,000 लिटर झाले. ते येणार कुठून? आणि त्यातलं बहुतेक सांडपाणी होऊन जाणार कुठे? शोषखड्डे विहिरींच्या वरच्या अंगाला असतील तर आधी तिथेच बोट ठेवा. शेतात मुरणारा पाऊस उद्या छपरांवरून, डांबरावरून थेट उताराच्या घरांत शिरेल, हेही लिहा. रस्ता, शाळा वगैरे नंतर. मुदत मात्र आजच बघा, ती गुपचूप संपते.